एक सूत

रविवार, ५ नोव्हेंबर

जुनी वही काल संपली. नव्या वहीच्या पहिल्या पानावर या हातांनी केलेल्या वस्तूंची यादी लिहायची, ही माझी पद्धत.

खोगिरं, एकशे बारा. त्यांतली तीन परत आली. तिन्ही वेळा दोष घोड्याचा होता. बूट, अठ्ठेचाळीस जोड. पट्टे मोजलेले नाहीत. सुऱ्या, एकसष्ट. हे घर, छप्पर सोडून. छप्पर माझा जिवलग दोस्त चेमा याने घातलं आणि ते गळतं. स्वयंपाकघरातलं टेबल. बायकोच्या, ओरालियाच्या, आईची शवपेटी, मेस्कीटच्या लाकडाची, एकही खिळा न मारता. आमच्या मुलीचा, नेलिदाचा, पाळणा. नेलिदाचा पट्टा, मागे तिचं नाव कोरलेला, दर वर्षी ती एक भोक पुढे सरकते. माझी इंग्रजी. तीही घरचीच, सातवीत शाळा सुटल्यावर अवजारांच्या कॅटलॉगांवरून शिकलो.

काल शिकारीचा मोसम उघडला. चेमाच्या मेव्हण्याच्या रानात चेमा, मी आणि नेलिदा. पंधरा वर्षांची पोर, एका गोळीत हरीण पाडलं, मग रडली, मग नाक पुसून स्वतः सोललं. माझ्या एकसष्टाव्या सुरीने.

चेमा म्हणाला, "कोंपाद्रे, पोरगी तुझ्यापेक्षा सरळ कापते."

मी म्हटलं, "सुरी कोणाची आहे?"

"झालं! आता त्या हरणालाही सांग, कोणाच्या सुरीने सोललं ते. बिचारं जाता जाता तेवढं तरी ऐकून जाईल."

परतताना माझ्या पिशवीचा बंद तुटला. बंद बाजारचा होता. म्हणून दोर, धार लावायचा दगड आणि सुरी नेलिदाच्या हिरव्या दप्तरात घालून आणली. तिने पुस्तकं दोन दिवसांपुरती घरी काढून ठेवली होती. सुरी पुसून, तेल लावून, म्यानात घालून आतल्या कप्प्यात उभी ठेवली. आडवी ठेवली की चामडं ओल धरतं. घरी आल्यावर दोर खुंटीला, दगड खणात. मग मांसाचे वाटे, मग गाडी धुणं.

नेलिदाने अंधार पडायच्या आत कानेलोला चारा घातला. गोऱ्हा आता अकराशे चाळीस पौंडांचा झालाय. शाळकरी मुलांचं जनावरांचं प्रदर्शन गुरुवारी, १८ जानेवारीला. वासरू होता तेव्हापासून तिने एकटीने वाढवलाय. तिथे तो तिच्यासोबत कसा चालतो, याच्याशिवाय तिच्या डोक्यात सध्या काही नाही.

सोमवार, ६ नोव्हेंबर

सव्वाअकराला शाळेतून फोन. नेलिदाच्या दप्तरात सुरी. शेतीच्या तासाला वही काढताना तिला दिसली, तशी तिने ती उचलून कुल्मन गुरुजींच्या टेबलावर नेऊन ठेवली. कुल्मन गुरुजींना ऑफिसात कळवणं भाग होतं. शाळेचा पोलीस आला. तिला चार दिवस घरी बसवलंय.

घरी आल्यावर मी तिला टेबलाशी उभं केलं. विचारलं, "खिळ्यावरून काढलीस?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. बराच वेळ. मग आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो, अपा."

"कशाला?"

"मैत्रिणींना दाखवायला."

"न विचारता?"

"न विचारता."

माझ्या कारखान्यात बावीस वर्षांत एक अवजार जागचं हललेलं नाही. सुरीचा खिळा दाराच्या डावीकडे तिसरा. डोळे बांधले तरी माझा हात तिथे जातो. जेवताना मी तिच्याशी बोललो नाही.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

शाळेत बोलावणं. हचिन्स बाई उपमुख्याध्यापिका आहेत, शिस्तीची प्रकरणं त्यांच्याकडे. टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्यांचा डबा आणि कागदी रुमालांचा खोका, आईबाप रडतील म्हणून.

त्यांनी कागद पुढे केला. म्हणाल्या, "मि. गालिंदो, नेलिदा चांगली मुलगी आहे. तिने स्वतःहून आणून दिली, हे मी वर ठळक लिहिलंय. पण दप्तरात सुरी सापडली की मी सोडून देऊ शकत नाही. एक मार्ग आहे. तुम्ही इथे सही करा. सुनावणी नको, काही नको. शाळेचे तीस दिवस पर्यायी वर्गात जाईल. तो वर्ग आपल्याच आवारात आहे, मागच्या इमारतीत. मग परत आपल्या वर्गात. प्रकरण संपलं."

मी कागद वाचला. मी सही करण्याआधी वाचतो. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: 'घरगुती बनावटीची ओबडधोबड सुरी, पातं सुमारे पाच इंच.'

मी विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

"पोलिसाने. का?"

"ओबडधोबड? पातं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं आहे. तीन वेळा तापवून विझवलंय. मूठ मेस्कीटची. आणि सुमारे? त्याने मोजलं की नजरेने ठरवलं?"

बाई म्हणाल्या, "त्याने काय फरक पडतो?"

ओरालियाने माझी बाही धरली. "एवारिस्तो, सही कर."

मी म्हटलं, हा कागद आयुष्यभर पोरीच्या फायलीत राहणार, त्यावर गालिंदोंच्या घरचं काम ओबडधोबड लिहिलेलं राहणार, मी सही करणार नाही. सुनावणी हवी.

हचिन्स बाईंनी कागद पुन्हा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "माझं ऐका. तीस दिवस हे फार कमी आहेत. मी वर विचारून घेतलेत." मी टोपी घातली.

रात्री ओरालियाने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बोटाने दिवस मोजले. सुट्ट्या वगळून तीस दिवस १७ जानेवारीला संपतात. "एक दिवस आधी, एवारिस्तो. प्रदर्शनाच्या एक दिवस आधी. त्या बाईने तसंच बेतून दिलंय, तुला दिसत नाही?" मी म्हटलं, योगायोग आहे.

शनिवार, ११ नोव्हेंबर

शाळेची नियमावली आणली. शहाऐंशी पानं, सगळी वाचली. इतकी या गावात कोणी वाचली नसेल. छापायच्या चुका सात. पान एकेचाळीसवर हत्यारांचं प्रकरण: पातं साडेपाच इंचांपेक्षा जास्त असेल तर शाळेतून काढून टाकणं सक्तीचं, त्यात कोणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. हे आपल्याला लागू नाही. आपली सुरी हत्यार नाही, अवजार आहे. हा फरक मी सुनावणीत समजावून सांगेन.

नेलिदा गोठ्यातच असते. कानेलोला दोरीने फिरवून चौकोनी उभं करायचं शिकवते आहे. मी दारात उभा राहिलो तर म्हणाली, "अपा, बाईंनी सांगितलं होतं तसं केलं असतं तर?"

मी म्हटलं, "मिहा, पोरी, तू चूक केलीस ती केलीस. पण त्यांना चुकीचं लिहू देणार नाही."

ती म्हणाली, "बरं."

गुरुवार, १६ नोव्हेंबर

सुनावणी. नऊ वाजता, शिक्षण कार्यालयाच्या मागच्या खोलीत. मी कोट घातला. खिशात पोलादी पट्टी, इंचाचे आठ भाग दाखवणारी. एकेक भाग म्हणजे एक सूत.

सुनावणी घेणारे प्रुइट नावाचे निवृत्त शिक्षक, एका कानाला यंत्र, आवाज मऊ. समोर मेणकागदी पिशवीत माझी सुरी. त्यांनी हचिन्स बाईंचा कागद मोठ्याने वाचला. वाचता वाचता थांबले आणि नेलिदाला म्हणाले, "तू स्वतः नेऊन दिलीस. हे बरोबर केलंस, बाळा. तुला माहीत होतं का ती दप्तरात आहे?"

नेलिदा म्हणाली, "हो."

"सकाळपासून?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. "हो, सर."

प्रुइट म्हणाले, "ठीक. पातं सुमारे पाच इंच, म्हणजे प्रकरण पर्यायी वर्गाच्या मर्यादेत बसतं. किती दिवस ते मी ठरवेन. वडिलांना काही सांगायचंय?"

मी उभा राहिलो. म्हटलं, "सांगायचंय. कागद चुकलाय."

हचिन्स बाई पुढे झुकल्या. "मि. गालिंदो, त्याची गरज नाही."

"गरज आहे. सुमारे हा आळशी माणसाचा शब्द आहे." मी पट्टी काढली, पिशवीवरूनच सुरीला लावली, दोनदा. "पाच इंच पाच सूत. लिहून घ्या."

प्रुइटसाहेबांनी पेन खाली ठेवलं. यंत्र नीट केलं. म्हणाले, "काही लोक फक्त धारेचा भाग मोजतात. तसं मोजलं तर?"

"तसं मोजलं तर पाच इंच दोन सूत. पण तसं जत्रेतले विक्रेते मोजतात. पातं मुठीपासून टोकापर्यंत मोजायचं. ज्याने बनवलं त्याला विचारा."

"तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का? घरच्यांशी बोलून घ्या. कॉफी ठेवलीय."

"कॉफी नको. कागद दुरुस्त हवा."

ओरालियाने टेबलाखालून माझ्या उजव्या नडगीवर बूट मारला. बूट मीच बनवलेले, टाच पक्की आहे.

प्रुइटसाहेब म्हणाले, "मी अजून काही लिहिलेलं नाही, मि. गालिंदो. हे नोंदवायचं का?"

"नोंदवा."

त्यांनी नोंदवलं. 'सुमारे' खोडलं, 'ओबडधोबड'ही खोडलं आणि दोन्हींवर सही केली. मग हत्यार आणि अवजार यातला फरक मी सांगितला. चांगला सांगितला. ते मान हलवत होते, पण लिहीत नव्हते.

गाडीत नेलिदा रडली. मी जरा मोठ्याने बोललो असेन.

सोमवार, २० नोव्हेंबर

पत्र आलं. साडेपाच इंचांवर एक सूत. शाळेतून काढून टाकलं, उरलेलं सगळं वर्ष. त्या काळात जिल्ह्याच्या बालन्यायालयाच्या शाळेत हजर राहायचं, इथून अडतीस मैल. शाळेच्या कोणत्याही स्पर्धेत, प्रदर्शनात भाग घेता येणार नाही. अपील करायचं तर सात दिवसांत.

पत्र तीन वेळा वाचलं. छापायची चूक एकही नाही.

ओरालियाने रोज चूल पुसावी तसं शांतपणे टेबल पुसलं. मग म्हणाली, "तो म्हातारा तुला दोनदा दार उघडून दाखवत होता. दोनदा! बाहेर जा म्हणाला, कॉफी पी म्हणाला. आणि तू तिथे पट्टी काढून उभा. कोणी विचारलं होतं तुला?"

"मी खरं सांगितलं."

"विचारलं होतं का कोणी?"

मी म्हटलं, अपील म्हणजे भीक. खरं सांगितल्याबद्दल मी कोणापुढे हात जोडणार नाही.

नेलिदा दारात होती. म्हणाली, "राहू दे ना, अमा. झालं ते."

मंगळवार, २८ नोव्हेंबर

बालन्यायालयाच्या शाळेतला पहिला दिवस. ओरालियाला दवाखान्यात सकाळची पाळी असते, म्हणून मी सोडतो. काळी पँट, पांढरा शर्ट, केस बांधलेले. दप्तर नाही. पट्टा चालत नाही, बकल असतं म्हणून. मी केलेला पट्टा तिने दारातच काढून माझ्या हातात दिला. "नीट ठेवा, अपा. गुंडाळू नका, चिरा पडतात." मीच तिला शिकवलेलं.

गुरुवार, ७ डिसेंबर

नेलिदा शिस्तीची झालीय. ताट स्वतः उचलते, विचारल्याशिवाय बोलत नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबते आणि आत येऊ का म्हणून बघते. मी ओरालियाला म्हटलं, तिथल्या लोकांनी काहीतरी चांगलंही शिकवलंय. ओरालिया उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला.

आज गोठ्यात पाहिलं. नेलिदा कानेलोपुढे चालत होती, दोन्ही हात पाठीमागे, एकात एक. तिच्या नव्या शाळेत जमिनीवर पिवळी रेघ आहे, तिच्यावरून असंच चालायचं असतं. गोऱ्ह्याची दोरी जमिनीवर लोळत होती. तरी तो तिच्या मागे येत होता.

शनिवार, १६ डिसेंबर

पिशवीला नवा बंद लावायला घेतला, माझ्या चामड्याचा. तुटला कधी ते आठवेना. मी दुरुस्तीवर तारीख घालतो. म्हणून वही उघडली, पहिलं पान.

"सुरी पुसून, तेल लावून, म्यानात घालून आतल्या कप्प्यात उभी ठेवली."

दोर खुंटीला. दगड खणात. पुढे मांसाचे वाटे. सुरीचं नाव नाही.

मी खाली बसलो. मग उठून हिरवं दप्तर काढलं. आतल्या कप्प्याच्या तळाला तेलाचा डाग, टोकदार, पात्याच्या रुंदीचा. मोजला नाही.

नेलिदा गोठ्यात होती. मी वही तिच्यापुढे धरली. तिने पाहिली नाही. म्हणाली, "माहितेय, अपा."

"कधीपासून?"

"दप्तर उघडलं तेव्हापासून. मी कशाला ठेवीन तिथे? म्यान उभं होतं. असं तुम्हीच ठेवता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही खिळ्यावरून काढलीस का म्हणून विचारलंत." ती कानेलोच्या पाठीवरचे केस उलटे सुलटे करत राहिली. "तुम्हाला इतकी खात्री होती. मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही रात्रभर खिळे मोजत बसला असता. आणि पोलीस तुमच्या कारखान्यात आला असता. मागे तुमच्या भावाला न्यायला पोलीस आला होता, तेव्हा अमा किती दिवस झोपली नव्हती. मग बाईंचे तीस दिवस कळले, मला वाटलं, तेवढेच तर आहेत."

मी वही मिटली.

ती म्हणाली, "तीस दिवस मी तुमच्यासाठी घेणार होते, अपा. तेवढे मला जमले असते."

सोमवार, १८ डिसेंबर

सुट्टी लागायला दोन दिवस. सकाळी हचिन्स बाईंपुढे वही ठेवली. वही स्पॅनिशमध्ये लिहिलेली. मी एकेक ओळ इंग्रजीत वाचून दाखवली. सांगितलं, सुरी मी ठेवली. पोरगी माझ्यासाठी खोटं बोलली. शिक्षा मला करा.

त्यांनी ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "तुम्ही अपील केलं असतंत आणि हे तेव्हा सांगितलं असतंत तर मी स्वतः तिच्या बाजूने उभी राहिले असते. पत्राखाली सात दिवस लिहिले होते."

"वाचले होते."

"आता ते माझ्या हातात नाही. प्रुइटच्याही नाही. नोंद पाच इंच पाच सूत अशी आहे, आणि तुमच्या शब्दावर आहे."

मी म्हटलं, "नोंद बरोबर आहे."

त्या म्हणाल्या, "मला माहितेय." आणि कागदी रुमालांचा खोका माझ्याकडे सरकवला. मी घेतला नाही. गाडीत बसल्यावर बाहीने पुसलं.

खरं बोललो याचा पश्चात्ताप करता येत नाही, ते मला जमत नाही. पण ओरालियाचं बरोबर आहे. कोणी विचारलं नव्हतं. आणि जे विचारलं होतं, "तुला माहीत होतं का", त्याचं उत्तर पोर माझ्याकडे बघून देत होती आणि मी पट्टी चाचपत होतो.

रविवार, ७ जानेवारी

चेमा ट्रेलर घेऊन आला. कानेलोला प्रदर्शनात नेता येत नाही, आणि नुसतं पोसत राहायला चारा परवडत नाही. साध्या बाजारात जाईल. नेलिदाने त्याला धुतलं, शेपटी विंचरली, जसं प्रदर्शनाला करायचं तसंच. चेमा एरवी तोंड मिटत नाही, आज टोपी हातात घेऊन उभा. म्हणाला, "मिहा, मी चल म्हणून सांगू का त्याला? की तू सांगतेस?"

"मी चढवते, काका."

तिने त्याला चौकोनी उभं केलं, चारही पाय जागच्या जागी. दोन श्वास तसंच ठेवलं. मग आत नेलं. ट्रेलर वळणावर दिसेनासा झाला तेव्हा तिचे हात आपोआप पाठीमागे गेले.

मी ते मागून धरले. तिने धरू दिले.

बुधवार, १७ जानेवारी

सकाळी अडतीस मैल, संध्याकाळी अडतीस मैल. परतताना ती काचेला डोकं लावून झोपली. पट्टा तिच्या खोलीत खुंटीला लांब सोडून टांगलाय. मी गुंडाळलेला नाही.

सुरी अजून त्यांच्याकडे आहे. परत मिळण्यासाठी अर्ज करता येतो. करणार नाही. दाराच्या डावीकडचा तिसरा खिळा काढून टाकला, भोक बुजवलं. या हातांनी केलेल्या वस्तूंची यादी आज पुन्हा वाचली. सुऱ्या एकसष्ट लिहिलंय ते खोडलं नाही. फक्त त्याखाली चार ओळी लिहून ठेवतो, म्हणजे पुढची वही सुरू करताना त्या उतरवून घेता येतील.

गुरुवारी, ९ नोव्हेंबरला, सकाळी दहा वाजता, हचिन्स बाईंनी टेबलावर कागद ठेवून मला सांगितलं होतं, इथे सही करा. मी केली नाही. त्यांनी देऊ केले होते शाळेचे तीस दिवस. सुट्ट्या वगळून मोजले. आज तिसावा.